नानांच्या नावाची सव्वा मूठ

आमच्या घराण्यात माणूस जिता आहे की मेला, हे गव्हावरून ठरतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमची खानदेशातली देवी, घरात बसते. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या पुरणपोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषामागं सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे आणि दळायचे. पोरगा जन्मला की त्या वर्षी एक वाटा वाढतो, म्हातारा गेला की कमी होतो. बायकांचा वाटा नसतो. त्यांनी नुसतं निवडायचं, दळायचं, पुरण घाटायचं आणि पोळ्या लाटायच्या. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, असं आहे एवढंच सांगतो.

दळलेलं पीठ सगळं संपलं पाहिजे, पौर्णिमेच्या आत, आणि तेही घरच्याच तोंडांनी. शेजाऱ्याला द्यायचं नाही, गाईला घालायचं नाही, टाकायचं तर मुळीच नाही. म्हणून मोजणाऱ्याचा हात पक्का लागतो. आमच्याकडे तो हात आबांचा, म्हणजे माझ्या वडलांच्या थोरल्या भावाचा. धुळ्याजवळच्या आमच्या गावात ते चाळीस वर्षं मास्तर होते. माझे वडील, नाना, त्याच घराच्या दुसऱ्या खणात राहून कापूस पिकवत. मी जळगावला नोकरीला लागलो, तिथंच मेहरूणला घर केलं, पण रोटाला गावी जाणं कधी चुकवलं नाही. देवावर विश्वास आहे म्हणून नव्हे, पुरणपोळीवर आहे म्हणून.

आई गेल्यावर नानांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. दीड-दोन वर्षं ते शेतातून येत, भाकरी खात आणि भिंतीकडे तोंड करून पडत. मग गावातल्या एका सोबत्यानं त्यांना महानुभावांच्या आश्रमात नेलं. तिथं ते जात राहिले आणि एके दिवशी उपदेश घेऊन आले. तंबाखू सुटली, मटण सुटलं, पहाटे उठून नामस्मरण सुरू झालं. भेटला त्याला ‘दंडवत’ म्हणू लागले. मला आनंद झाला. माणूस परत माणसात आला होता.

पण उपदेशाबरोबर एक नेमही आला. परमेश्वर एकच, भक्ती त्याचीच. दुसऱ्या देवतेपुढं हात जोडायचे नाहीत आणि तिचा प्रसाद तोंडात घालायचा नाही.

आबा पडले अद्वैतवाले. धुळ्याला कुठंही प्रवचन असलं की हे पहिल्या रांगेत. घरी दोन कपाटं भरून पोथ्या. सगळं एकच आहे, जीव आणि ब्रह्म वेगळे नाहीत, वेगळं दिसतो तो आपल्या नजरेचा दोष, हे त्यांनी मला मी चड्डीत होतो तेव्हापासून ऐकवलेलं. नाना चौथी शिकलेले. पण पंथात गेल्यावर तेही बोटं मोजून सांगू लागले : जीव, देवता, प्रपंच, परमेश्वर. चारही वेगळे, कायमचे वेगळे, एकाचं दुसरं कधी होत नाही.

संध्याकाळी ओट्यावर दोघांची जुंपायची. आबा म्हणत, घागरीतलं आकाश आणि घागरीबाहेरचं आकाश एकच. घागर फुटली की मिळालं एकात एक.

“आनि घागरमा पानी व्हतं तं?” नाना विचारायचे. “ते कोठे गयं?”

आबा हसत. नानाही हसत. आबांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, म्हणे, चला, शंकराचार्यांची सभा भरली. मी सुट्टीला गेलो की मुद्दाम काडी टाकायचो. आमच्या घरात किती मोकळेपणा आहे याचं मला मोठं कौतुक होतं. ऑफिसात मी हे किस्से सांगायचो.

रोटाच्या दिवशी नाना असं वागत : सकाळी सगळ्यांच्या आधी उठून पाणी भरत, भाजीचा लाल भोपळा चिरून देत, मांडवाला केळीचे खांब बांधत. आरती सुरू झाली की ओट्यावर जाऊन बसत. पंगत बसली की त्यांच्यासाठी वेगळी भाकरी आणि भाजी येई. कानबाईपुढं नैवेद्य जायच्या आधी माझी चुलती ती काढून ठेवी. ते पंगतीतच बसत, आमच्यासोबत, आपली भाकरी खात. आणि त्यांच्या वाट्याचा रोट चुलतभाऊ आणि मी वाटून खायचो. अशी नऊ-दहा वर्षं गेली. कुणी कुणाला बोललं नाही.

मग आबांच्या नातवाला कावीळ झाली, लांबली, पोर हाताबाहेर जातं की काय असं झालं. ते वाचलं, पण कुणीतरी आबांच्या कानात घातलं की तुमच्या घरात एकाचा वाटा दुसरा खातो, देवीला ते चालत नाही. आबा असल्या गोष्टी मानणारे नव्हते. पण आजारी नातवाच्या उशाशी महिना काढल्यावर माणूस काय मानतो आणि काय नाही, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

त्या श्रावणात गहू मोजताना मी तिथंच होतो. सूप पुढं घेऊन आबा एकेकाचं नाव घेत होते आणि मूठ टाकत होते. माझं नाव झालं, माझ्या मुलाचं झालं, आणि त्यांनी सुपावर फडकं टाकलं.

नाना दारात उभे होते. “भाऊ, मन्ही मूठ ऱ्हाई गई,” ते म्हणाले.

“ऱ्हाई नही गई. टाकी नही.” आबांनी वर पाहिलं नाही. “तू तं रोट खास नही. मंग ते पीठ कोन सरावी?”

“मी खास नही, पन मी शे तं. मरेल शे का मी?”

“बठ्ठं एकच शे, नाना. तू म्हनस वेगळं शे. तू वेगळा व्हयना, मी नही करा तुले.”

नाना दारातूनच म्हणाले, “तुन्ही देवी खोटी शे आसं मी कधी म्हननू नही, भाऊ. ती शे. ती देस बी. माले तिन्हं काही नको, एवढंच.”

मग ते विहिरीवर पाणी भरायला गेले. त्या दिवशीही त्यांनी सगळं काम केलं. पंगतीत मात्र बसले नाहीत, आणि पुढल्या वर्षापासून रोटाच्या आदल्या दिवशीच आश्रमात निघून जाऊ लागले.

मला संताप आला होता. सगळं एक आहे म्हणणाऱ्याच्या सुपात सख्ख्या भावाला जागा नाही, आणि सगळं वेगळं म्हणणारा मात्र दारात उभा राहून मला मोजा म्हणतो. हे मी आबांना तोंडावर ऐकवलं. मास्तर होते ते, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुझा विश्वास कशावर आहे?” मी म्हणालो, कशावरच नाही. “मग तुला बोलायला काय जातं,” ते म्हणाले. तेव्हा मला वाटलं की म्हाताऱ्याला उत्तर सुचलं नाही.

नंतर नानांना झटका आला. उजवं अंग गेलं. बोलणं जड झालं, पण कळायचं. मी त्यांना जळगावला आणलं. खिडकीशी खाट टाकली. माझी बायको त्यांचं पथ्य सांभाळायची, पथ्य म्हणजे दोन्ही : डॉक्टरांचं आणि पंथाचं. शेजारून सत्यनारायणाचा शिरा आला की ती तो दारातूनच आमच्या डब्यात वेगळा ठेवायची, त्यांच्या भांड्यांत मिसळू द्यायची नाही. देवाधर्माचं तिलाही फारसं नाही. पण ती म्हणायची, त्यांचं आहे ना, बस.

श्रावण लागला तसे नाना गावाबद्दल विचारू लागले. पाऊस किती झाला, विहिरीला पाणी कुठवर आलं, आबांची सून बाळंत झाली का. एकदा दुपारी मी त्यांचा पाय चोळत होतो, तर म्हणाले, “औंदा किती मुठी?”

मी म्हणालो, अकरा.

“मन्ही धरीसन बारा व्हत्यात,” ते म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.

मला ते सहन झालं नाही. हा माणूस फार दिवस राहणार नाही हे मला कळत होतं, आणि तो स्वतःच्या घरात मेलेल्यांत जमा होऊन मरणार होता. मी दुसऱ्या दिवशी बस पकडून गावी गेलो. आबांना म्हणालो, नानांची मूठ टाका.

“खाईल तर टाकतो,” आबा म्हणाले. “पाहिजे तर आयुष्यभर पाया पडेन त्याच्या. पण मोजलेलं पीठ ज्याचं त्यानंच खाल्लं पाहिजे. नातवाच्या वेळी मी फार भ्यालोय रे.”

मी म्हणालो, “खातील. तेच म्हणाले.”

धडधडीत खोटं बोललो. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सूप ओढलं, नानांचं नाव घेतलं, मोठ्यानं घेतलं, आणि सव्वा मूठ टाकली. मला वाटलं, चला, जमलं. नानांचा वाटा पूर्वीसारखा मी खाईन. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

रविवारी पंगत उठल्यावर चुलतीनं नानांच्या वाट्याच्या पोळ्या डब्यात बांधून दिल्या. आबा बसपर्यंत सोडायला आले. डब्याला हात लावून म्हणाले, “एवढा त्याच्याच तोंडात घाल. तुझ्यावर सोडलंय.” बस पारोळ्याला थांबली तेव्हा डबा माझ्या मांडीवर होता. तिथंच उघडून खाऊन टाकला असता तर हे लिहायची वेळ आली नसती.

पण मला शहाणपण सुचलं. माझ्या मनात आलं की मी आबांना फसवणार, नानांना काही सांगणार नाही, म्हणजे नाना मोजले गेले ते खोट्यावरच. आणि त्यांनी खरंच खाल्लं तर? तर सगळं खरं होईल. आबांची भीती जाईल, नाना घरात येतील, आणि नानांना कळलं नाही तर त्यांचा नेम मोडला कुठं? गहूच तर आहे. गूळ, डाळ, तूप. असं मी बसमध्ये दीड तास स्वतःला समजावत आलो. अद्वैत काय, द्वैत काय, दोघंही माझ्या लेखी म्हाताऱ्यांचे खेळ होते, म्हणून मीच त्यांच्यातला निवाडा करायला लायक आहे असं मला वाटत होतं.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “त्यांना विचारा आधी.”

“विचारलं तर नाही म्हणतील.”

“मग नाहीच ना,” ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरातून बाहेर निघून गेली.

मी पोळी दुधात कुस्करली. नाना मऊच खात होते, त्यामुळं ओळखू येण्यासारखं काही उरलं नाही. चमच्यानं भरवली. त्यांनी चवीनं खाल्ली. अर्धी वाटी झाल्यावर म्हणाले, “गोड व्हयनं.” मी म्हणालो, आज पुरण केलं होतं. त्यांनी सगळी वाटी संपवली. मी त्यांचं तोंड पुसलं. तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

आठ दिवसांनी आबा आले. सोबत चुलतभाऊ. आबा गुडघ्यांमुळं प्रवास टाळायचे, पण आले. खाटेजवळ खुर्ची ओढली, नानांचा जिता हात दोन्ही हातांत घेतला आणि बोलता बोलता रडू लागले. मी चहा सांगायला आत वळलो होतो.

“नाना, माले लय बरं वाटनं. तू रोट खादा. मी तुन्ही मूठ टाकी, मन्हा हाते टाकी.”

मी दारातच थांबलो. नानांनी आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली, त्यातच त्यांना काय ते कळलं.

आबांनाही कळलं असावं, कारण त्यांनी हात सोडला.  चुलतभावानं विचारलं, काय झालं? 

नाना मला म्हणाले, “माले इचारानं व्हतं, बा.” आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

आबा जाताना जिन्यात मला म्हणाले, “मी त्याला वगळलं, पण सांगून वगळलं.” मग कठडा धरून खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी नानांनी आश्रमातल्या बाबांना बोलावून घ्यायला लावलं. मी स्वतः जाऊन त्यांना घेऊन आलो. तरुण माणूस होता, शांत. त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं होतं, माझी खरडपट्टी काढतील. ते म्हणाले, अजाणता घडलं त्याचा भार मोठा नसतो. नामस्मरण वाढवा, एक दिवस उपास झेपत असेल तर करा, नाही तर तेही नको. मुलानं प्रेमानं केलं, त्याच्यावर राग धरू नका. नानांनी मान हलवली. बाबा गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि डाव्या हातानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “तुन्हा दोष नही,” म्हणाले. मी रडलो. मला वाटलं, सुटलो.

संध्याकाळी मी खिचडी घेऊन गेलो. त्यांनी वाटीकडे पाहिलं आणि तोंड बाजूला केलं. मी म्हणालो, नाना, मुगाची आहे, तुमच्या सुनेनं केली, यात काही नाही.

“माले कळस, बा,” ते म्हणाले. “पन तोंडले कळत नही.”

त्या दिवसापासून माझ्या हातचं ते काही खाऊ शकले नाहीत. शकले नाहीत असंच म्हणतो, कारण त्यांनी प्रयत्न केलेला मी पाहिला आहे. घास आत जायचा आणि परत यायचा. बायकोनं भरवलं तर दोन-चार घास जात. पण मी पोळी कुस्करली तेव्हा ती नुसती बाहेर निघून गेली, थांबवलं नाही, हे तिनं त्यांना सांगितलं होतं. शेवटी केळी उरली. सावद्याहून माझा एक ऑफिसचा सोबती येताना घेऊन यायचा. साल न सोललेलं केळं नाना स्वतः हातात घेत, फिरवून देठापासून टोकापर्यंत बघत, दातानं सोलत आणि खात. बंद सालीत कुणाला काही मिसळता येत नाही. पाणी पिण्याआधीही ते पेला उजेडाकडं धरून बघत. गोळीचं पाकीट त्यांच्यासमोर फोडावं लागे. साठ वर्षं ज्यानं कुणाच्याही बांधावर बसून कुणाच्याही फडक्यातली भाकरी खाल्ली, त्या माणसाला मी हे करायला लावलं.

केळ्यांवर आजारी माणूस किती दिवस काढणार? शरीर खंगत गेलं. बाबा दोनदा येऊन समजावून गेले. आबांनी फोनवर समजावलं. म्हणाले, नाना, तू म्हणतोस तेच खरं, वेगळं आहे सगळं, पण जेव. नाना फोन कानाशी धरून ऐकत राहिले. भाद्रपद संपता संपता दवाखान्यात न्यावं लागलं.

नंतरचं आधी सांगून टाकतो. त्यांना पंथाच्या रीतीप्रमाणं मूठमाती दिली. आमच्या घराण्यात आजवर कुणाला पुरलं नव्हतं, सगळ्यांना अग्नी दिला होता. भाऊबंदांत कुजबूज झाली. आबांनी एका शब्दानं हरकत घेतली नाही, उलट पहिली माती त्यांनी लोटली. पुढल्या श्रावणात त्यांनी गहू मोजायचं काम चुलतभावाकडं दिलं. मी तेव्हापासून रोटाला जात नाही. मला कुणी येऊ नको म्हटलेलं नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी आबा पहिल्या बसनं दवाखान्यात पोचले. नानांचे ओठ कोरडे पडून फुटले होते. शुद्ध होती. सिस्टर म्हणाल्या, आता चमच्यानं थोडं थोडं पाणी द्या, मुलानं द्या. मुलाच्या हातचं पाणी, ज्यासाठी माणसं नवस करतात. आबा उठून पायथ्याशी उभे राहिले. मी चमचा भरला आणि ओठांशी नेला.

नानांनी ओठ मिटून घेतले. राग नव्हता चेहऱ्यावर. डोळे माझ्याकडंच होते आणि ते ओठ उघडायचा प्रयत्न करत होते, हे मला दिसत होतं. पाणी हनुवटीवरून उशीवर गेलं. आबांनी माझ्या हातून चमचा घेतला, “नाना, मी शे, मन्हा हातनं ले,” म्हणाले. त्यांनाही जमलं नाही.

सिस्टर दुसऱ्या खाटेकडून परत आल्या. सोलापूरकडच्या वाटत होत्या बोलण्यावरून. त्यांचा देव कोणता, पंथ कोणता, मला माहीत नाही, नानांनाही नव्हतं. त्यांनी चमचा घेतला आणि नानांनी तोंड उघडलं. तीन चमचे प्यायले, चौथाही.

“आजोबा, आता मुलाच्या हातनं घ्या की,” त्या म्हणाल्या.

नानांनी हळूच मान हलवली, नाही म्हणून. मी खाटेपासून बाजूला झालो, म्हणजे सिस्टरना नीट उभं राहून पाणी देता यावं.